क्लच कोणी जाळला?

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत कूलरमध्ये पाणी भरत होते. एका हातात नळी, दुसऱ्या हातात फोन. "ताई..." एवढंच म्हणाली आणि थांबली. सुनंदा माझी भावजय. ती फोनवर कधी थांबत नाही. ती बोलायला लागली की आपल्यालाच काहीतरी निमित्त काढून फोन ठेवावा लागतो. ती थांबली आणि मला कळलं. मी नळी तशीच धरून उभी राहिले. कूलर भरला, वाहायला लागला, पाणी बाल्कनीतून खाली कोणाच्या तरी वाळत घातलेल्या उशांवर पडायला लागलं आणि खालून ओरडा सुरू झाला. "अवो ताई, पानी बंद करा ना! काय करून राहिले तुमी?" मी नळ बंद केला. काय करून राहिले होते ते मला तरी कुठे माहीत होतं? माझा धाकटा भाऊ विजू गेला होता आणि मी उभ्या जागी भिजत होते.

अशा वेळी रडू येतं म्हणतात. मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो. आमच्या दोघांचं एक भांडण चालू होतं आणि तो ते अर्धवट सोडून निघून गेला. भांडण घरादाराचं नव्हतं, हिश्शाचं नव्हतं. त्याच्या गाडीचा क्लच कोणी जाळला, एवढंच भांडण. तो म्हणायचा मी जाळला. मी म्हणायचे त्याने. वाचणाऱ्याला हसू येईल. येऊ द्या. पण ज्या गोष्टीवरून सगळ्या नात्यागोत्यात आपलं हसं झालं ती छोटी कशी म्हणायची? माझी मागणीही फार मोठी नव्हती. चार माणसांसमोर त्याने एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं, की ताईची चूक नव्हती. ते त्याने म्हटलं नाही. आणि आता कोण म्हणणार...

विजू असा का होता हे सांगायचं तर उमरेडच्या घरापासून सुरुवात करावी लागेल. बाबा पोस्टात होते, रागीट होते आणि त्यांचा सगळा राग विजूच्या वाट्याला यायचा. मी मोठी, त्यात मुलगी, त्यात अभ्यासात बरी. माझ्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही. विजूला हे फार लवकर उमगलं. दुधाचं भांडं सांडलं, "ताईनं सांडलं." कंदिलाची काच फुटली, "ताईनं फोडली." मी गप्प बसायचे, कारण मला नुसती एक नजर मिळायची आणि त्याला चांगला मार. आमचा तो न बोलता झालेला करार होता. दळण आणायला पाठवलं की हा चक्कीच्या डिझेल इंजिनापुढे जाऊन बसायचा. पट्टा कसा फिरतो, दाणे वाढवले की इंजिनाचा आवाज कसा जड होतो, ते कान देऊन ऐकत राहायचा. घरी यायला उशीर व्हायचा आणि दारात शिरतानाच सांगायचा, "ताईनं उशिरा पाठवलं." बाबा माझ्याकडे बघायचे. मी पीठ चाळायला घ्यायचे.

पुढे तो बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मेंटेनन्सला लागला आणि तिथेच निवृत्त झाला. मी टेलिफोन खात्यात. लग्न मी केलं नाही. का, तो या लेखाचा विषय नाही. विजूचं झालं, सुनंदा आली, केतकी झाली. दिवस सरले. सांगण्यासारखी गोष्ट एवढीच, की हा माणूस सगळीकडे मागे सरकून उभा राहायचा. कारखान्यात साहेबाचं ऐकायचा, घरी सुनंदाचं, केतकी बोलायला लागल्यावर केतकीचं. पंगतीत शेवटच्या पाटावर बसायचा. रांगेत कोणी मध्ये घुसलं तर जागा करून द्यायचा. मी चिडायचे, "काहून गा, तुले तोंड नाही का?" तर म्हणायचा, "जाऊ दे ना ताई. त्याले घाई असंल."

आणि अशा माणसाने एक राखाडी रंगाची जुनी डिझेल गाडी घेतली आणि तिच्या अंगात भूत भरलं.

त्यातलं मला जे समजलं ते असं. हल्लीच्या गाडीच्या इंजिनाला एक छोटा संगणक असतो. किती डिझेल सोडायचं, टर्बोने किती हवा आत कोंबायची हे कंपनीने त्यात ठरवून दिलेलं असतं. ते बदलून देणारे लोक असतात, त्याला ट्यूनिंग म्हणतात. कामठी रोडवरच्या शकीलभाईंकडे गाडी नेऊन विजूने ते बदलून घेतलं. घरी कोणाला सांगितलं नाही. एका रविवारी मला घ्यायला आला, मी पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसले, आणि शहराबाहेर मिहानकडच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने ॲक्सिलेटर दाबला. माझी पाठ सीटला चिकटली. पर्स मागच्या सीटखाली गेली. मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापता येणार नाहीत. तो हसत होता... तोंड उघडं टाकून, दळणाच्या डब्यासकट उशिरा घरी येणारा विजू हसायचा तसा. "याले टॉर्क म्हणते ताई," तो म्हणाला. "पळणं येगळं आणि ओढणं येगळं. ही ओढते." मग लगेच चेहरा उतरला आणि म्हणाला, "सुनंदाले नको सांगजो. ती सगळं काढाले लावंल." मी नाही सांगितलं. करार जुनाच होता.

मला गाडी शिकवली ती त्यानेच. मी निवृत्त झाले होते, घरात बसून भिंतींशी बोलायची वेळ आली होती. तो म्हणाला, "चाल, तुले गाडी शिकवतो." त्याच मिहानच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. हा एरवी मऊ माणूस, पण शिकवताना बाबांच्या वरताण. एक हात हँडब्रेकवर, नजर माझ्या पायांवर. "पाय काढ. क्लचवरचा पाय काढ पहिले! गेर पडला का पाय बाजूले. तिथं काय ठेवाले जागा दिली आहे का?" इतक्या वेळा ओरडला की झोपेतसुद्धा माझा डावा पाय बाजूला सरकत असेल. तासभर शिकवणी, मग टपरीवर तर्री पोहे. तर्रीने त्याच्या नाकातून पाणी यायचं आणि तरी तो वरून आणखी मागायचा. मला परवाना मिळाला तेव्हा त्याने केतकीला फोन करून सांगितलं, जणू मी विमान चालवायला शिकले होते. कधीकधी तो गाडी माझ्या दाराशी सोडून बसने घरी जायचा. मी एकटी निघायचे. भाजीला जायचे तेही उगाच लांबच्या बाजारात. कोणाला विचारावं लागत नाही, कोणाची वाट बघावी लागत नाही, हे सुख एकटं राहणाऱ्यालाच कळेल.

आता रामटेकची गोष्ट. केतकी पुण्याहून आली होती. सगळे निघालो, मी चालवत होते, विजू शेजारी, मायलेकी मागे. मनसरपर्यंत गाडी सुरेख आली. गडमंदिराच्या चढाला लागलो, पुढे एक ट्रॅक्टर अगदी रांगत होता. विजू म्हणाला, "काढ, काढ, दाब!" मी दाबला. आणि इंजिन एकदम ओरडलं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर चढला, पण गाडी काही चढेना. उलट मंदावली. मी आणखी दाबला, आणखी आवाज. मग वास आला. केस जळल्यासारखा, उग्र. मागून सुनंदा, "काय जळून राहिलं वं माय?" गाडी चढाच्या मधोमध थांबली. विजूने हँडब्रेक ओढला. आम्ही खाली उतरलो. बॉनेटखालून धूर येत होता. कुठून तरी दोन माकडं आली आणि उघड्या दारातून पूजेचा नारळ घेऊन गेली. येणारेजाणारे भाविक थांबून बघू लागले. आणि त्या सगळ्यांसमोर माझा भाऊ, कपाळाला हात लावून, मोठ्यांदा म्हणाला, "ताई... तूनं क्लच जाळला ना!"

मी म्हटलं, "मी नाही जाळला."

"क्लचवर पाय ठेवून चढवली असंल. नव्या माणसाचं होते असं."

"पाय नव्हता माहा क्लचवर."

"राहतो ताई. आपल्याले समजत नाही."

यातली खरी गोष्ट त्यालाही माहीत होती आणि मलाही. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत क्लचमधून जाते. क्लचची तबकडी घट्ट दाबलेली राहिली तरच ती पोचते. कंपनीने तो क्लच जेवढ्या ताकदीसाठी बसवला होता त्याच्या कितीतरी जास्त ताकद विजूने इंजिनात भरली आणि क्लच तोच ठेवला. ताकद वाढवली की पकडही वाढवावी लागते, हे माझ्यासारख्या टेलिफोनवालीला कळतं, तर जन्मभर यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला कळत नव्हतं? आणि त्याआधीचे काही आठवडे मी त्याच्या शेजारी बसून बघत होते. वर्ध्याच्या रस्त्याला उड्डाणपुलावर चढताना काटा एकदम उडायचा आणि गाडी तिथेच. विजू हळूच पाय उचलायचा, आरशात बघायचा, आणि गाण्याचा आवाज वाढवायचा. क्लच सुटायला लागला होता. तो कधीतरी जाणारच होता. माझ्या हातून गेला हे त्याच्या पथ्यावर पडलं.

तो तसं का म्हणाला हेही मला तिथे उभ्या उभ्या कळलं. सुनंदा मागेच होती. ट्यूनिंगने क्लच खाल्ला म्हणावं, तर ट्यूनिंग म्हणजे काय हे सांगावं लागलं असतं, आणि मग ते काढावं लागलं असतं. साऱ्या आयुष्यात कोणाला न विचारता केलेली त्याची ती एकच गोष्ट होती. ती वाचवायला त्याने मला पुढे केलं. ताई आहे, ताईला चालतं. हे सगळं मला कळलं आणि तरी मी चिडले, कारण आता मी कंदिलाच्या काचेच्या वयाची नव्हते. साठी ओलांडलेल्या बाईने डोंगरावर, माकडांसमोर, कोणासाठी मान खाली घालायची?

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. प्रत्येक लग्नात, बारशात, वास्तुशांतीत ती गोष्ट निघाली. जावयांना सांगितली गेली, व्याह्यांना सांगितली गेली. "ताईले किल्ली देऊ नका, क्लच जाळते." विजू स्वतः सांगायचा, माकडांसकट, नारळासकट. दर वेळी माकडं वाढायची. लोक पोट धरून हसायचे आणि मी वाढता वाढता हातातला झारा आपटायचे. तो मग डोळ्यांनी मला विनवायचा... मी गप्प बसायचे. एकांतात मात्र सोडायचे नाही. "खरं सांग, कोणी जाळला?" "तूनं." "तुह्या ट्यूनिंगनं जाळला." "मंग गाडी कोण चालवून राहिलं होतं?" असं आमचं चालायचं, वर्षानुवर्षं, चहा निवेपर्यंत.

दुसरा क्लच टाकला, तोही गेला. या वेळी तो स्वतः चालवत होता. मला वाटलं, आता तरी बोलेल. तर म्हणाला, "मालच खराब निघाला." मग त्याने शकीलभाईंकडून जास्त ताकदीचा क्लच बसवून घेतला. तो सुटेना, जळेना. पण त्याचं पेडल असं कडक की माझ्या डाव्या गुडघ्याने एकाच चौकात हात टेकले. दुसऱ्या सिग्नलला मी गाडी बाजूला घेतली आणि उतरून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. तो चालकाच्या जागेवर आला आणि गाडी घरी घेऊन गेला. त्यानंतर मी गाडी चालवली नाही. परवाना कपाटात गेला आणि मी पुन्हा वाट बघणारी झाले.

अर्थात त्याने वाट फारशी बघू दिली नाही, हेही खरं सांगितलं पाहिजे. दर रविवारी खाली हॉर्न वाजायचा. दवाखाना असो, बँक असो, कोणाकडे बारसं असो, विजू हजर. उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या कूलरचा वाळा तोच बदलायचा. गाडीत बसले की आधी भांडण, मग पोहे. मी एकटी राहते असं लोक म्हणायचे तेव्हा मला नवल वाटायचं. आता नाही वाटत. आता रविवारी सकाळी रस्त्यावर कोणाचाही हॉर्न वाजला की मी अर्धी उठते, आणि मग पुन्हा बसताना फार अपमान झाल्यासारखा वाटतो.

आजार तसा लवकर कळला, पण कळून उपयोग नव्हता. दवाखान्यात जाणं, घरी येणं, पुन्हा जाणं. शेवटचं भेटले ती दुपार होती. सुनंदा डबा आणायला घरी गेली होती. विजू इतका बारीक झाला होता की पलंगावर आणखी एखादं माणूस मावलं असतं. मी मोसंबीचा रस चमच्याने देत होते. तो म्हणाला, "ताई, गाडी तू घेजो."

"मी काय करू गाडीचं? मी त क्लच जाळतो."

तो हसला. हसताना खोकला आला, खोकताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते ओसरेपर्यंत मी त्याची पाठ चोळत राहिले. मग तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता म्हणेल. खोलीत कोणी नव्हतं, सुनंदा नव्हती, लपवायचं काही उरलं नव्हतं. मी चमचा हातात धरून थांबले. खरंच थांबले होते मी... तो म्हणाला, "आठवड्यातून एक वेळ सुरू करत जाजो. बॅटरी उतरते." आणि त्याने कूस वळवली. मला इतका राग आला की उरलेला रस मीच पिऊन टाकला.

तो गेल्यावर केतकी आईला पुण्याला घेऊन गेली. बरोबरच केलं तिने. सुनंदा जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "ताई, तुम्हाला दिली आहे त्यांनी. ठेवा, विका, काही करा." गाडी माझ्या इमारतीखाली आली. सांगितल्याप्रमाणे मी आठवड्याला एकदा खाली उतरायचे, शेजारच्या सीटवर बसून, हात लांब करून किल्ली फिरवायचे, इंजिन थोडा वेळ सुरू ठेवायचे आणि बंद करून वर यायचे. त्याच्या जागेवर बसायला धीर होत नव्हता. वॉचमन विचारायचा, "नेत नाही का ताई कुठं?" मी म्हणायचे, "कुठं नेऊ?"

एका रविवारी मात्र हॉर्नचं ते भलतंच झालं. कोणीतरी खाली लांब हॉर्न दिला, मी उठले, चपलेत पाय घातला, दारापर्यंत गेले. दाराशी भान आलं. परत फिरायचं कुठे? घरात होतं कोण? तशीच खाली गेले आणि त्याच्या जागेवर बसले. सीट पुढे घेतली. म्हटलं, गुडघा गेला तर गेला, आणि सगळा जोर लावून क्लच दाबला. माझा पाय धाडकन खालपर्यंत गेला. पेडल मऊ होतं. रामटेकला जाण्याआधी होतं तसं, मऊ. मला वाटलं काहीतरी तुटलं. पण गियर पडला, गाडी हलली. मी घाबरत घाबरत मिहानच्या रस्त्याला लागले. सवयीने पाठ सीटला टेकवून, जबडा आवळून, ॲक्सिलेटर दाबला. काही झालं नाही. म्हणजे गाडी गेली पुढे, चारचौघांच्या गाड्या जातात तशी, सालस. ती ओढ नव्हती. मी दोनदा, तीनदा दाबून बघितला. भूत उतरलं होतं.

मी घरी न जाता तडक कामठी रोडला गेले. रविवार असूनही शकीलभाई गॅरेजवर होते. त्यांनी गाडी ओळखली, मला ओळखलं आणि हातातलं काम ठेवून स्टूल पुसून दिलं. मी विचारलं, "गाडीला काय केलं तुम्ही?"

"विजूभाई खुद लेके आए थे दीदी. दवाखाने से छुट्टी मिली थी ना बीच में, तब. बोले, सब वापस कंपनीवाला कर दो. ट्यूनिंग भी, क्लच भी." शकीलभाई गाडीकडे बघत होते. "मैंने बोला, भाई, इतने शौक से कराया था, क्यों निकालते हो? तो बोले, ताई चलाएगी."

"और क्या बोले?"

"काम होने तक यहीं बैठे रहे. फिर एक चक्कर मारके आए. चाबी जेब में रखी और बोले, चलो, अब इसका क्लच कोई नहीं जला सकता."

मी स्टूलवर बसून राहिले. अब इसका क्लच कोई नहीं जला सकता. म्हणजे आधी कोण जाळत होतं? ट्यूनिंग काढल्यावर क्लच जळणार नाही, तर ट्यूनिंग असताना कशाने जळत होता? इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल होता तो, साक्षीदारासकट. त्याने कबूल केलं होतं. फक्त मला सोडून दुसऱ्याला सांगितलं होतं, आणि मला न सांगता दवाखान्यात बॅटरीवर बोलत बसला होता. मेला! त्याच खोलीत, त्याच दुपारी म्हणाला असता, तर मी काय त्याला खाल्लं असतं? शकीलभाईंनी चहा मागवला. मी जिंकले होते. हे सांगायला सर्वांत आधी ज्याला फोन केला असता, त्याचाच नंबर लागणार नव्हता. मग मात्र मला रडू आलं, कामठी रोडवर, भरल्या गॅरेजात, आणि शकीलभाई चहाचा कप हातात धरून पाठमोरे उभे राहिले.

परत येताना फार सावकाश आले. सगळ्या गाड्या मला मागे टाकून जात होत्या. ती ओढ मला कधी आवडली नव्हती. शिव्या देत होते मी तिला. आणि आता ती त्याने माझ्यासाठी काढून ठेवली, तर मला तीच हवी होती. त्या गाडीत विजू कुठे असेल तर तो त्या ओढीत होता. उरली ती नुसती गाडी. चांगली आहे, तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात सुनंदा आणि केतकी उरलेलं सामान आवरायला आल्या. मी गाडी घेऊन स्टेशनवर गेले. वाटभर मनात वाक्य घोळवत होते. सुनंदाला सगळं सांगायचं होतं: ट्यूनिंग, उड्डाणपूल, शकीलभाईंची साक्ष. आता लपवायचं कारण नव्हतं. आता माझी पाळी होती. दोघी बाहेर आल्या. सुनंदा वाळून गेली होती, नवऱ्याची बॅग ओढत होती. केतकीने मला चालकाच्या जागेवर बघितलं आणि तिथेच थांबली. "आत्या? तू चालवत आलीस?" मग तिचा चेहरा अगदी बापासारखा झाला, ओठाचा एक कोपरा वर, आणि ती म्हणाली, "बघ हं, क्लच नको जाळूस."

म्हणाली आणि स्वतःच दचकली. माझं वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढ्यात सुनंदा हसली. तो गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. फुटकं, आवाज नसलेलं हसू, तोंडावर पदर धरून. "माकडं..." ती म्हणाली, "माकडं किती सांगायचे हो ते, ताई? शेवटी शेवटी वीस-पंचवीस झाली होती." आणि ती डोळे पुसत पुन्हा हसायला लागली.

"वीस-पंचवीसच होती," मी म्हटलं.

केतकी खिडकीपाशी वाकून माझ्याकडे बघत होती. "खरंच तू जाळला होतास, आत्या? की पप्पांची आपली गंमत?"

मागून टॅक्सीवाले ओरडत होते, गाडी काढा म्हणून. मी दोघींकडे बघितलं.

"गंमत कशाची? खरंच जाळला होता मी," मी म्हटलं, "क्लचवर पाय ठेवून चढवली. नव्या माणसाचं होतं असं."

त्या दोघी हसल्या, सामान आत टाकून बसल्या. हे एक वाक्य माझ्या तोंडून ऐकायला तो इतकी वर्षं टपून बसला होता, आणि मी ते त्याला कधी दिलं नाही.